आतून बघितलेला दोर

आमच्या दादाएवढी दोराची पारख असलेला माणूस नांदेडपासून लातूरपर्यंत दुसरा सापडणार नाही, आणि दोरावर त्याच्याएवढा अविश्वास असलेलाही सापडणार नाही. माझा सख्खा थोरला भाऊ आहे म्हणून सांगते असं समजू नका. लातुरात गोलाईच्या बाजारातल्या कुठल्याही दोरवाल्याला नुसतं विचारा, "ते पांढऱ्या टोपीचे गुरुजी, पिशवीत दोऱ्यांचे तुकडे घेऊन हिंडतात ते?" तो आधी कपाळाला हात लावील आणि मग बाहेर टांगलेला माल आत नेऊन ठेवील.

दादा शहात्तर वर्षांचा आहे. शाळेत मास्तर होता, पण तिथंही कधी खुर्चीत बसला नाही म्हणतात. वर्गात येरझारा घालूनच पाढे शिकवले. निवृत्त झाल्यावर माणसं देवळात जातात, नातवंडं खेळवतात. हा सकाळी दशमी खाऊन बाहेर पडतो तो दोर बघायला. उन्हापावसात टिकणारा, माणसाचं वजन पेलणारा, मनासारखा दोर. सुतळी, काथ्या, नायलॉन, सगळं त्यानं बघितलंय. दुकानात गेला की दोराचं टोक हातात घेतो आणि वीतभर पीळ उलगडून आत बघतो. बघून झालं की हुंगतो, आणि मग दाढेखाली धरून चावतो. त्याचा नेहमीचा दुकानदार अप्पा, बिचारा सोशिक माणूस, एकदा म्हणाला, "गुरुजी, दोर हाय तो, भेंडी न्हाई, मोडून बघायला."

"अप्पा, वरून समदेच चांगले दिसतेत. आतून कुजलेला असला तर तुम्ही सांगताव का मला?"

एवढं बोलून दादानं तो दोर दुकानाच्या खांबाला बांधला आणि आपलं सारं अठ्ठेचाळीस किलो वजन टाकून मागे रेलला. अप्पा गल्ल्यावरून ओरडला, "गुरुजी, खांब भाड्याचा हाय!"

घरी वहिनीची तऱ्हा वेगळीच. गच्चीवर या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत दादानं बावीस दोऱ्या ताणून बांधल्या होत्या. प्रत्येकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी, चिठ्ठीवर बांधल्याचा महिना. लातूरचं ऊन कोणती दोरी किती दिवस सोसते याची ती परीक्षा. नायलॉनची दोरी दोन उन्हाळ्यांत कशी पिठासारखी हाताला लागते ते तो पाहुण्यांना चहाच्या आधी दाखवायचा. आता परीक्षेतल्या दोरीवर ओलं लुगडं टाकलं तर निकाल बिघडतो, म्हणून तिथं कपडे वाळत घालायची बंदी. मी गेले की वहिनी माझ्यापुढं गाऱ्हाणं मांडायची, "ताई, गच्चीवर बावीस दोऱ्या लटकायल्यात, अन् माझं लुगडं वाळायलंय जिन्याच्या कठड्यावर. कुणाला सांगावं की ओ!"

लग्नाला न्यावं तर आणखी फजिती. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू झाली आणि मामा कुठंय मामा, म्हणून हाका सुरू झाल्या. मामा मांडवामागं, धोतर खोचून, मांडवाच्या दोऱ्या सोडून नव्यानं बांधत होता. मांडववाला हात जोडून उभा. एकदा माझ्याबरोबर नांदेडला माझ्या घरी यायला निघाला तर लोह्याच्या अलीकडं एका टेम्पोवर झोपायच्या बाजा बांधलेल्या दिसल्या. त्यांचा दोर एका जागी झिजलेला होता. दादानं खिडकीतून आरडाओरडा करून बस थांबवायला लावली, उतरला, टेम्पोवाल्याला अडवलं आणि आपल्या पिशवीतला दोर काढून बाजा बांधून दिल्या. कंडक्टर मला म्हणाला, "मावशी, हे तुमच्यासंगं हायत का?" मी म्हणाले, "हाव. जन्मापासून."

हसू येतं ना? मलाही येतं. पण या वेडाचं मूळ माझ्या डाव्या कोपरात आहे, ते सांगितल्याशिवाय हसणं बरं नव्हे.

आमचं गाव निलंग्याकडं. मी नऊ वर्षांची, दादा चौदाचा. नागपंचमीला गावात कडुलिंबाच्या झाडांना झोके बांधायचे, सासरच्या मुली माहेरी यायच्या, आणि आम्हा लहान पोरींना झोक्यावर जागाच मिळायची नाही. मी रडले म्हणून दादानं माझ्यासाठी वेगळा झोका बांधला. विहिरीवरची मोट ओढायचा जुना दोर, नाडा, पडलेला होता, मनगटाएवढा जाड. त्याच्यावर दोन माणसं लटकली तरी तुटू नये असा दिसायला. तिसऱ्या झोक्याला तो तुटला. वरून धडधाकट होता, आतून पार कुजला होता. माझं कोपर गेलं. हाडवैद्यानं बसवलं ते वाकडंच बसलं. आजही हा हात सरळ होत नाही, कासाराला बांगड्या भरताना हात धरून माझ्याभोवती फिरावं लागतं. दादाला कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. बापानं चार ठेवून दिल्या असत्या तर बरं झालं असतं, पोरगं सुटलं असतं.

तेव्हापासून मी झोक्यावर बसले नाही. दर पंचमीला लातूरला दादाकडं जाते, त्याच्या कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटात मोठा लिंब आहे, तिथं पोरी झोका बांधतात. मी खाली उभी राहून गाणी म्हणते. दादानं मला कधी "बस" म्हटलं नाही आणि मी कधी "भीती वाटते" म्हटलं नाही. पंचमीच्या आठ दिवस आधी त्याचा फोन यायचा, "बाई, यंदा दोर चांगला मिळंल असं वाटायलंय." मी म्हणायची, "हाव." या विषयावर आमचं बोलणं इतकंच, बासष्ट वर्षांत.

गेल्याच्या आदल्या दिवाळीनंतर दादाच्या छातीत दुखलं. मी नांदेडहून धावतच गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी निपचित पडून राहायला सांगितलेलं, आणि हा सलाईनच्या बाटलीचा फास नीट आहे का ते एका डोळ्यानं तपासत होता. वहिनी औषधं आणायला गेली तेव्हा मला जवळ बोलावलं आणि हळूच म्हणाला, "बाई, दोर न्हाई मिळाला की गं."

मी म्हणाले, "मिळंल. तू बरा हो, दोर आण. येत्या पंचमीला मी बसते."

बोलून तर गेले! नांदेडला परत आल्यावर मात्र मला चैन पडेना. या वयात, असा हात घेऊन, झोक्यावर? तिकडं दादाच्या पायाला भिंगरी. त्याच्या पुण्याच्या लेकानं डोंगर चढणाऱ्यांचा महागडा दोर ऑनलाइन मागवून दिला. दादानं तो कात्रीनं उभा चिरला. आत पांढरे धागे, वर रंगीत वेष्टण. त्यानं लेकाला फोन केला, "अरे, ही तर उशी हाय, वर अभ्रा अन् आत कापूस!" मग एक दिवस मलाच फोन. आवाज वेगळा, धाप लागलेली. "बाई, गणित सुटलं बघ. दोर आतून बघायचा तर पीळ सोडावा लागतो, अन् पीळ सोडला की दोर खराब. म्हंजे बघितलेला दोर एकच, जो आपण सोता वळला."

निलंग्याकडं एका शेतकऱ्यानं बांधाला अंबाडी लावली होती. तिच्या काड्या भिजवून सोललेले धागे, म्हणजे वाख, दादा एसटीनं घेऊन आला. दोर वळायला तीन माणसं लागतात. दोघं दोन टोकांना पीळ द्यायला आणि एक मधे दोराचे पदर सांभाळायला. एका टोकाला वहिनी उभी केली, दुसऱ्या टोकाला अप्पाला दुकान बंद करून आणलं. अप्पा म्हणाला, "माझ्याच धंद्यावर पाय द्यायला मलाच बोलावताव का, गुरुजी?" दादा मधे, प्रत्येक धागा बोटांतून जाऊ देत पुढं सरकायचा. वहिनी सांगत होती, पंधरा दिवस कॉलनीतल्या रस्त्यानं मोटारसायकल जाऊ दिली नाही.

पंचमी आली. दोर फांदीवर चढला आणि तेव्हा दादाची चूक कळली. दोर बारा हात जास्त होता, आणि एवढा हिशेबी माणूस तो आदल्या दिवशी कापायला विसरला होता. पंचमीला आपल्यात काही चिरत नाहीत, कापत नाहीत. घरात विळीसुद्धा आडवी ठेवतात. आता त्या उरलेल्या टोकाचं काय करायचं? दादानं ते स्वतःच्या कमरेला गुंडाळलं, गाठ मारली आणि खोडाला पाय लावून उभा राहिला.

"दादा, हे काय?"

"राहू दे. काही झालं तर मी हाय की."

अठ्ठेचाळीस किलोचा माणूस, छातीचं दुखणं काढून उठलेला. पोरी तोंडावर पदर, ओढण्या धरून हसायल्या. मी बसले. उजव्या हातानं घट्ट धरलं, डाव्या हातानं जमेल तसं. वहिनीनं मागून हलकेच लोटलं. पहिल्या झोक्याला डोळे मिटले. दुसऱ्याला उघडले. तिसऱ्या झोक्याला मी दादाकडं बघितलं. तो माझ्याकडं बघतच नव्हता. मान वर करून दोराकडं बघत होता, ओठ हलत होते. मोजत असावा. तिसरा गेला, चौथा गेला. मग मी मोजायचं सोडलं आणि नऊ वर्षांच्या पोरीसारखी ओरडले, "वैनी, अजून जोरात!"

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण महिनाभरानं वहिनीचा फोन आला. "ताई, गच्चीवरल्या समद्या दोऱ्या सोडल्या ह्यांनी. एक ठेवली, माझी लुगडी वाळायलीत त्याच्यावर." मी म्हणाले, चांगलं झालं की! तिचा आवाज मात्र बारीकच. "हे दिवसभर खुर्चीत बसायलेत. बाजारात जाऊन या म्हणलं तर म्हणतेत, कशाला?"

दादा बसलाय. आयुष्यात पहिल्यांदा बसलाय. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक आटोपल्यावर कात्री घेतली आणि अंगणातली चांगली धडधाकट कपड्यांची दोरी मधोमध कापली. मग फोन लावला.

"दादा, कपडे वाळायची दोरी तुटली रे."

"कोणती हुती?"

"निळी."

"निळी? येडे, नांदेडच्या उन्हात निळी टिकत असती व्हय! कुणी आणली? हात लावू नको कुणी. येतो मी."

दुपारच्या बसनं आला, पिशवीसकट. पाणीसुद्धा न पिता अंगणात गेला. लोंबणारं टोक हातात घेतलं. तुटलेल्या दोरीच्या टोकाला धाग्यांच्या झिरम्या सुटतात, हे मला त्यानंच शिकवलेलं. हे टोक ब्लेडनं कापल्यासारखं सपाट. माझ्या ध्यानात आलं तेव्हा उशीर झाला होता. दादानं टोकाकडं बराच वेळ बघितलं, मग माझ्याकडं, मग माझ्या वाकड्या हाताकडं. तो तुकडा घडी करून पिशवीत टाकला.

"आजकालच्या दोऱ्या लई सरळ तुटायल्यात, बाई," तो म्हणाला. आणि चपला घालत, "चल, वजिराबादेच्या बाजारात दोरवाले किती हायत? चहा परत आल्यावर पिऊ."

त्याला चार महिने झाले. मनासारखी दोरी अजून मिळालेली नाही. दर पंधरवड्याला येतो, चार दुकानं पालथी घालतो, नाक मुरडतो आणि "पुढच्या खेपेला बघू" म्हणून संध्याकाळची बस धरतो. माझे कपडे खुर्च्यांवर वाळतात. वाळू देत.