आजाऱ्यांच्या यादीत मावशी

माझी मावशी जन्मभर नर्स होती. निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अंथरुणाला खिळलेल्यांची नखं कापायचं काम तिनं अंगावर घेतलं. ऐकायला हे फारसं भक्तीचं वाटत नाही, ठाऊक आहे. पण म्हाताऱ्या पायांची नखं लाकडासारखी होतात, घरच्यांना किळस येते आणि भेटीला आलेले पांघरुणाच्या आत डोकावत नाहीत. मावशी आधी पाय कोमट पाण्यात भिजवायची, मग एकेक नख सावकाश कापायची आणि शेवटी दोन वाक्यांची प्रार्थना करायची. "लांबलचक प्रार्थना पाळकसाहेब करतील," ती म्हणायची, "त्यांना वाकावं लागत नाही."

दर गुरुवार मास्तरांचा. हे गणिताचे जुने शिक्षक. अर्धांगवायूनं वाचा गेलेली, वर मधुमेह. मावशीचा आवाज ऐकला की लुळा न पडलेला, धड पाय आपणहून पांघरुणाबाहेर काढायचे. "पंचाहत्तरीत कुणी आपली वाट बघतंय," मावशी मला म्हणाली होती, "प्रभूनं यासाठीच ठेवलंय मला."

मग ती न्हाणीघरात घसरली. मनगट मोडलं, दीड महिन्यानं प्लास्टर निघालं आणि हात पूर्ववत चालू लागला. पण आमच्या कमिटीला तोवर तिचा कळवळा आला होता. ठरलं, की भेटी आता तरुण संघ देईल आणि मावशीचं नाव रविवारच्या प्रार्थनेत वाचल्या जाणाऱ्या वृद्ध व आजारी यांच्या यादीत घालायचं. चिटणीस मी. यादी मीच लिहिली, मास्तरांच्या नावाखाली. तिला आधी विचारावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही, माझ्याही नाही.

रविवारी तिसऱ्या बाकावर धडधाकट बसलेल्या मावशीनं स्वतःसाठी चाललेली प्रार्थना ऐकली. उपासना संपल्यावर तिनं पाळकांना दारातच गाठलं.

"मला काय झालंय?"

"मावशी, खूप केलंत. आता विश्रांती घ्या. प्रभूचीही तीच इच्छा असेल."

"मला तसं काही कळवलेलं नाही त्यानं."

लोक हसले. मीही हसलो, याची आज लाज वाटते.

गुरुवारी ती मास्तरांकडे गेलीच. सुनेनं दार अर्धंच उघडलं. "पाळकसाहेबांनी सांगितलंय, तुम्हाला त्रास द्यायचा नाही. तुमचं काही बरंवाईट झालं तर बोल आमच्यावर." मावशी उलट पावली परतली. त्यानंतर ती घराबाहेर पडेनाशी झाली. तरुण संघ तिच्याकडेही यायचा: एक गाणं, एक फोटो, चार सफरचंदं.

आठ महिन्यांनी मास्तर गेले. अंगठ्याचं नख वाढून मांसात घुसलं होतं. पाय सडला आणि विष अंगभर पसरलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. पेटी बंद करण्याआधी मावशीनं त्याच धड पायाचा मोजा ओढून काढला. अंगठ्याला पट्टी होती. बाकीची चारही नखं आत वळलेली.

तिनं पिशवीतून कात्री काढली, पण तिचा हात थरथरत होता. यादीत नाव घातलं तेव्हा तो थरथरत नव्हता.

"तू काप," ती मला म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसलो. कसं धरायचं तेही मला येत नव्हतं, ती बोटानं दाखवत होती. पाळक घड्याळ बघत उभे होते. शेवटचं नख कापून झाल्यावर मावशीनं डोळे मिटले.

"प्रभू, आठ महिने आम्ही या माणसासाठी नुसती प्रार्थना केली. आम्हाला क्षमा कर."

सगळे आमेन म्हणाले, पाळकसुद्धा. मी मोजा परत चढवत होतो.