दाजींच्या दुखण्यातली अक्का

खानदेशात भल्याभल्यांची बोलती दोनच गोष्टींपुढे बंद होते : मे महिन्यातलं ऊन आणि माझी चुलत अक्का. जळगावात मेहरूणला तिच्या घरी गेलेला माणूस चपला काढायच्या आधीच कशावरून तरी बोलणी खातो. बसला तर "जेवायची वेळ झाली नि बसला काय?" आणि उठला तर "न जेवता चालला कुठं?" तिचे यजमान, आमचे दाजी, मराठीचे शिक्षक. गावातल्या प्रत्येक समारंभात माईक दाजींच्या हाती असे. घरात तो अक्काकडे.

निवृत्तीनंतर या दाजींना शब्दच सापडेनासे झाले. चहाला ते 'खुर्ची' म्हणू लागले. तपासण्या झाल्या आणि मेंदूत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. मग डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, की गाठ पुन्हा वाढणार. पण त्रास कमी ठेवता येईल. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. अक्कानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्रास कमी ठेवायचा म्हणजे काय काय करायचं, एकेक सांगा. मी समजेपर्यंत उठणार नाही." आणि खरंच उठली नाही. बाहेरचे पेशंट दारातून डोकावून गेले.

मेंदूची सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दाजींना अफाट भूक लागे, झोप उडे आणि भयंकर राग येई. आयुष्यात कधी आवाज न चढवलेल्या त्या माणसानं एकदा भरलं ताट भिरकावलं. आता अक्काचा पट्टा सुटणार म्हणून मी दाराकडे सरकलो. अक्का खाली बसून भात गोळा करत म्हणाली, "हे नाही रागावले रे. गोळी रागावली." दुसऱ्याच दिवशी तिनं डॉक्टरांना गाठलं, गोळीची वेळ सकाळची करून घेतली आणि दाजींना झोप लागू लागली. भेटायला येणाऱ्यांना मात्र अशी माफी नव्हती. मुक्ताईनगरचे एक आबा कसलासा रामबाण काढा घेऊन आले, तर तिनं पेला त्यांच्याच पुढे धरला. "आधी तुम्ही प्या, आबा." आबा भरीत-भाकरी खाऊन, काढा तसाच बरोबर घेऊन परत गेले.

धरणगावला एका लग्नात दाजींना फिट आली. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवायला धावलं, एक जण दातांत चमचा घालू लागला. अक्का रागावली की माहेरच्या अहिराणी बोलीत शिरते. "बठ्ठा बाजूले व्हा! आठे काय तमाशा शे का?" सगळे बाजूला झाले. तिनं दाजींना कुशीवर वळवलं, डोक्याखाली टॉवेल सरकवला, डॉक्टरांनी शिकवलेला फवारा नाकात मारला आणि घड्याळावर नजर ठेवून बसली. फिट थांबली. मग ताटकळलेल्या भटजींकडे वळून म्हणाली, "थांबलात का? म्हणा मंगलाष्टकं. यांना आवडतात."

पुढे गाठ वाढली. त्यांचा पुण्याचा मुलगा पुन्हा ऑपरेशन करू म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, करता येईल, पण फार फायदा दिसत नाही. अक्कानं दाजींनाच विचारलं, "दवाखाना, की घर?" शब्द संपलेले होते, त्यांनी तिचा पदर मुठीत धरला. "ठरलं," अक्का मुलाला म्हणाली, आणि वळून भिंतीकडे तोंड करून रडली. नंतर नर्स घरी येऊ लागली. डोकेदुखी औषधांनी आवरली गेली. गिळता येईना तेव्हा अक्का ओल्या कापसानं त्यांचे ओठ भिजवी आणि जळगावभरच्या बातम्या त्यांना सांगत राही. दाजी गेले ते घरीच, दुपारी, न कण्हता.

सगळे पाहुणे पांगल्यावर मी मेहरूणला गेलो. अक्का ओसरीवर एकटीच बसली होती.

"काही खाल्लंस का, अक्का?"

"भूक लागलीय की नाही, तेच कळत नाही रे भाऊ."

मी आत जाऊन, मला येते तशी खिचडी टाकली. ती खाली लागली, मीठही जास्त पडलं. अक्कानं ती मुकाट्यानं, शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मला किती बरं वाटलं असतं!