मागे लागलो हं!

खांबेटे मला पहिल्यांदा भेटले तेव्हा मी त्यांना लुटारू समजलो आणि सायकलवरून पळून गेलो.

पुण्याहून बदली होऊन भोपाळच्या कारखान्यात मी नुकताच रुजू झालो होतो. टाउनशिपमध्ये क्वार्टर मिळालं होतं, बायको आणि मुलगी अजून पुण्यातच होत्या. रविवारी सकाळी करायला काही नाही, म्हणून सायकल काढली आणि रायसेन रोड धरला. टाउनशिपची भिंत संपली, दोन्ही बाजूंना गव्हाची शेतं सुरू झाली, आणि माझ्या पाठीमागून, अगदी हातभर अंतरावरून, खर्जातला आवाज आला, "मागे लागलो हं!"

परक्या मुलखात, ओसाड रस्त्यावर, कोणी असं मराठीत बजावून मागे लागलं तर माणसाने काय करावं? मी पायडल हाणत सुटलो. आवाजही सुटला. मी जोर करावा तो पुन्हा, "लागलो हं! चल, चल!" शेवटी एका चढावर दम संपला. मी मैलाच्या दगडाला पाय टेकून थांबलो आणि खिशातलं पाकीट काढून निमूटपणे पुढे केलं.

कानटोपी घातलेल्या, पँटच्या पायांना क्लिपा लावलेल्या त्या गृहस्थाने पाकिटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "हे काय आहे भैया? चहा पाजून राहिला का?"

सोमवारी कळलं की ते टर्बाइन विभागाचे मॅनेजर आहेत. मंगळवारपर्यंत हा किस्सा अख्ख्या कॅन्टीनला कळला होता.

खांबेटे उज्जैनचे. तिथेच त्यांच्या तीन पिढ्या झालेल्या. त्यांच्या मराठीत शब्द मराठी असायचे आणि हाडं हिंदी. 'पीछे लगा हूँ' याचं त्यांनी सरळ 'मागे लागलो' करून टाकलं होतं. सायकल पुढे चालली की ती वारा कापते. तिच्या मागे एका चाकाचं अंतर ठेवून राहिलं की मागच्याला निम्मे कष्ट पडतात. याला खांबेटे 'आड' म्हणायचे. आड घेणं गुन्हा नव्हता. न सांगता घेणं हा गुन्हा होता. "गुपचूप कोणाच्या मागे बसणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात घुसून त्याच्या पंख्याखाली झोपणं आहे," ते म्हणायचे. "अरे, बेल तर वाजव!" 'मागे लागलो हं' ही त्यांची बेल होती.

दर रविवारी टाउनशिपमधले आम्ही चार-पाच जण त्यांच्याबरोबर जायचो. खांबेट्यांना सगळे दादा म्हणत, मीही म्हणू लागलो. दादांचे नियम कडक. चाकाला चाक खेटायचं नाही. पुढच्याने एकदम ब्रेक मारायचा नाही. खड्डा दिसला की हाताने दाखवायचा, कारण मागच्याला फक्त पुढच्याची पाठ दिसते. दमलं की कोपर हलवायचं, बाजूला सरकायचं आणि शेपटीला जाऊन लागायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पुढच्याने वळून पाहायचं नाही. मान वळली की हँडल वळतं, आणि मागची सगळी रांग एकमेकांवर कोसळते. "मागचा आहे का नाही, हे कानाने बघायचं," दादा म्हणायचे. त्यासाठी मागचा अधूनमधून हाक देणार. शिवाय दादांच्या फ्रीव्हीलचा एक दात गेला होता. पायडल थांबवलं की टिक-टिक-टक, टिक-टिक-टक असा लंगडा आवाज यायचा. तो आला की समजायचं, दादा आहेत.

मला पहिल्यांदा पुढे घातलं त्या दिवशी मी पुण्याची इज्जत राखायचं ठरवलं. असा सुटलो की बिलखिरियाच्या वळणापर्यंत थांबलोच नाही. मग ऐटीत उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाकीचे आले, सगळ्यांत शेवटी दादा.

"बढिया," दादा म्हणाले. "टीम कुठे आहे तुझी?"

"ही काय, मागून आली."

"मग तू कोणासोबत आला होता?"

परत येताना पछवा समोरून आली. हा तिकडचा पश्चिमेचा वारा. पोह्या-जिलबीच्या टपरीपर्यंत मी कोणाच्याही मागे लागायला तयार होतो.

वर्षातून एकदा आसपासच्या कारखान्यांच्या टाउनशिपांची सायकल दौड असायची. चौघांचा एक संघ, आणि संघातला चौथा गडी रेषा ओलांडेल तो संघाचा वेळ. दादांना हा नियम भयंकर आवडायचा. "टाइम तर शेवटचाच लिहितो. पुढचे तीन फक्त वारा खातात." एका दौडीत दुसऱ्या संघाचा एक तगडा तरुण रस्ताभर दादांच्या मागे बसला. एक अक्षर बोलला नाही, एकदाही पुढे आला नाही, आणि रेषा दिसताच उडी मारून निघून गेला. आम्ही त्याला शिव्या द्यायच्या तयारीत. दादांनी आपली पाण्याची बाटली नेऊन त्याच्या हातात दिली. "अच्छा निकला, बेटा। बस, नाम बता देता। रास्ते भर मेहमान था, और हमने पूछा भी नहीं।" त्या तरुणाचं पाणी घशातच अडकलं.

मग दादांच्या छातीचं ऑपरेशन झालं. बरे होऊन आल्यावर त्यांनी पहिली गोष्ट केली ती टायरमध्ये हवा भरली. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दारातच अडवलं. डॉक्टर सावकाश चालवायला हो म्हणाले होते. वहिनींनी त्यात आपली भर घातली, "पुढे जायचं नाही. कोणाच्या तरी आडच राहायचं. कबूल असेल तर न्या सायकल."

आयुष्यभर वारा खाल्लेला माणूस मुकाट्याने कबूल म्हणाला. आणि त्या आडीसाठी त्यांनी निवडला मला. आमच्या रविवारच्या रांगेत सक्सेना होता, तिवारी होता. मला म्हणाले, "पुणेकर, तुझ्या मागे लागलो हं." त्या दिवशी मी घरी जाऊन आरशात स्वतःची पाठ बघायचा प्रयत्न केला.

तो सगळा हिवाळा मी पुढे आणि दादा मागे. हाक जवळून आली की मी वेग तसाच ठेवायचो, लांबून आली की पाय हलका करायचो. इतकं सवयीचं झालं की त्यांचा श्वाससुद्धा मला मोजता आला असता. फाल्गुनात एका दुपारी जेवून ते व्हरांड्यातल्या खुर्चीत बसले आणि उठलेच नाहीत.

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी आम्ही निघालो. मी सवयीने पुढे. टाउनशिपची भिंत संपली, आणि मागून लंगडा आवाज आला. टिक-टिक-टक. मला वाटलं, माझीच सायकल. पायडल मारत राहिलो. शेतं लागली आणि वाऱ्यात, थोडी लांबून, हाक आली, "मागे लागलो हं..."

मी पाय हलका केला.

असं रविवारमागून रविवार झालं. हाक दर वेळी यायचीच असं नाही, पण आली नाही की मला जास्त भीती वाटायची. मी आणखी हळू व्हायचो, कान मागे लावायचो, आणि मग कुठून तरी ती टिक-टिक-टक यायची. भुतं मागे लागतात हे लहानपणी ऐकलं होतं. बिचारी भुतं मागे पडतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रांगेत वळून बघायची सोय नव्हती. एकटा गेलो तेव्हा वळून बघायला काहीच हरकत नव्हती. तरी नाही बघितलं. मागे कोणी नसतं तर?

दौड जवळ आली होती. संघात दादांच्या जागी एक नवा गडी घेतला होता, आणि चार जणांत सगळ्यांत हळू, तोही पुढे राहून, मी होतो. भांडारातला सक्सेना म्हणजे कपाटाएवढा माणूस, स्वभावाने लोणी. एका सकाळी तोही भर रस्त्यात थांबला.

"जोग साब, पीछे हम तीनों ब्रेक मार-मार के चल रहे हैं। आप किसके लिए रुकते हैं?"

मी खरं सांगून टाकलं. सांगताना ते मलाच किती वेडगळ वाटलं! तिवारी दुसरीकडे बघू लागला. सक्सेना हसला नाही. "दादा गए, साब।"

"माहीत आहे. पण मी जोर केला तर ते सुटतील रे. एकटेच राहतील वाऱ्यात."

"तो फिर टीम से नाम कटवा दूँ आपका?" त्याने अगदी हळू विचारलं. नाव काढलं असतं तर पुढे राहायचं बंद, आणि मी पुढे नसलो तर दादांनी यायचं कोणाच्या मागे? नाव ठेवलं तर जोर करायचा, म्हणजे त्यांना सोडून जायचं. मी हँडलकडे बघत उभा राहिलो. सक्सेनाने माझी सायकल वळवली आणि आम्हाला थेट खांबेट्यांच्या क्वार्टरवर नेलं.

वहिनी व्हरांड्यात मटार सोलत बसल्या होत्या. बाजूला ती रिकामी खुर्ची, आणि भिंतीला टेकवलेली दादांची सायकल. तिच्या दोन्ही चाकांत हवा होती. कोण भरत होतं, विचारायचा धीर मला झाला नाही. सक्सेनाने सगळं सांगितलं. "भाभीजी, आप ही समझाइए इनको।"

मला वाटलं, वहिनी डोळ्यांना पदर लावतील. किंवा म्हणतील, मलाही ऐकू येतात हो. त्यांनी हातातली शेंग सोलून दाणे भांड्यात टाकले.

"हाक कुठून येते?"

"मागून."

"ते कळलं. कोणाच्या मागून?"

"माझ्याच. जशी आधी यायची तशी."

वहिनींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्यात बघण्यासारखं फारसं काही नाही, पासष्ट किलोच्या पुढे माझा पसारा कधी गेलाच नाही. मग त्यांनी सक्सेनाकडे पाहिलं. त्याने व्हरांड्याचं सगळं ऊन अडवलं होतं. मटारचं भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"भाऊजी, जिवंत होते तोवर तुमचं मन राखायला बसायचे तुमच्या मागे. घरी येऊन मला म्हणायचे, जोगच्या मागे कसली आड, सगळा वारा माझ्याच छातीवर येतो, पण बोलू नको, त्याला बरं वाटतं. आता मेल्यावर तरी त्यांना सक्सेनाच्या मागे बसू द्या की! तुम्ही खुशाल पळा. तुमच्यामागे राहून काय, नुसती सर्दी व्हायची त्यांना!"