वीस मिनिटं तांदळाच्या डब्यात

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या बहिणीने, केतकीने, आपला मोबाइल तांदळाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावलं. तिच्या नवऱ्याचा, निखिलचा, मेसेज आला होता: 'उशीर होईल.' तिने उत्तर लिहून ठेवलं होतं: 'आता येऊच नकोस. संपलं.' पाठवायचं तेवढं बाकी होतं.

केतकीला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे. राग-भीतीची लाट आली की वीस मिनिटं कोणाला काही पाठवायचं नाही, असं तिचं आणि समुपदेशकांचं ठरलं आहे. डबा तिनेच निवडला.

"शांत हो गं," मी म्हणाले. तिथे चुकलं.

"ताई, तूही त्याच्याच बाजूची!"

मी सूर बदलला. "उशीर वाचून तो सोडूनच चालला असं वाटलं का तुला?"

ती ओट्याला टेकली. लाट ओसरावी म्हणून मुठीत बर्फाचा खडा धरला होता. सकाळी याच निखिलसाठी ती गुणगुणत पोहे करत होती. तेही खरं होतं, हेही खरं होतं. बहुतेकांच्या रागाला पायऱ्या असतात. तिच्या मनात थेट कडा आहे.

"किती झाली?" तिने विचारलं.

"अकरा मिनिटं."

"घड्याळ बंद पडलंय तुझं!"

साडेचारला तिने मोबाइल काढला, लिहिलेलं पुसलं आणि नवं पाठवलं: 'उशीर वाचून घाबरले. किती वाजता येतोस?'

निखिलने ते लगेच वाचलं. पावणेपाचपर्यंत त्याचं उत्तर आलं नव्हतं. केतकीनेही दुसरा मेसेज केला नव्हता.