पंडितचा पखवाज आणि महारुद्रचा स्ट्रीमर

पिंगळीच्या महारुद्रचं आयुष्य कापसाच्या जिनिंगमध्ये फिटरकी करण्यात गेलं. यंत्र कुरकुरलं की तो आधी कान लावायचा, मग पाना उचलायचा. एका वेळी एकच बोल्ट सैल करायचा, चालवून बघायचा, मग दुसरा. दोन संगं खोलले तर दोष कुणाचा ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं. म्हातारपणी घरात गाणं ऐकायची यंत्रणा बसवली, तीही याच रीतीनं.

बसवली ती पंडितपायी. पंडित हा भजनी मंडळाचा पखवाजवाला. मनगट आखडलं आणि त्याचं वाजवणं थांबलं. त्याच्या हाताचं एकच ध्वनिमुद्रण उरलं होतं. पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात, भर वैशाखात, महारुद्रनं छोट्या रेकॉर्डरवर तीन भजनं धरली होती. एकदा पारावर बसून त्यानं ती मोबाइलवर लावली. पंडितनं अर्ध्यातच हात आडवा केला.

"पुसून टाक हे."

"कामून?"

"तेलाच्या डब्यावर काठी मारल्यावानी वाजायलंय. माझ्या मागं लोकं मनतील, पंडित असाच बडवत होता."

"मोबाइल केवढासा, पंडित. त्याच्यात पखवाज मावतोय व्हय? जरा दम धर."

"धरतो. पण घरी बसवून ऐकव. न्हाई पटलं तर माझ्या डोळ्यांदेखत पुसायचं."

महारुद्रनं शब्द दिला. मग कामाला लागला.

दोन मोठे स्पीकर आणले, अ‍ॅम्प्लिफायर आणला. जुना कॉम्प्युटर आणि स्ट्रीमर आणला. कॉम्प्युटरमधलं गाणं तारेवरून घेऊन स्पीकरकडे धाडणारा डबा तो स्ट्रीमर. कॉम्प्युटरचा पंखा घरघर करायचा, म्हणून तो मागच्या खोलीत ठेवला; स्क्रीन आणि कीबोर्ड तेवढे पुढच्या खोलीत आणले. वायफाय जाड भिंतीत अडायचं. महारुद्रनं छिन्नी घेऊन भिंतीत खाच पाडली, पाइप टाकला, तारा ओढल्या. कोपऱ्यात स्ट्रीमरची तार जास्त मुडपली असं वाटलं. गिलावा झाला होता. तरी फोडला, मोठा वळसा दिला आणि पुन्हा गिलावा केला.

त्याची बायको सुमनबाई दारात येऊन म्हणाली, "घर बांधताना एवढं लक्ष दिलं असतं तर सैपाकघर गळलं नसतं."

"ते गवंड्याचं काम होतं."

"आन हे कुनाचं हाय?"

"पंडितचं."

ती आत गेली. चहा करून आणून दिला.

अवघड होतं ते सॉफ्टवेअर. अपसॅम्पलिंग म्हणतात त्याला. ध्वनिमुद्रणात आवाजाचे ठिपके असतात. हे सॉफ्टवेअर मधल्या जागा हिशेबानं भरून स्ट्रीमरला देतं. नवीन काही घालत नाही. महारुद्रनं ते सगळ्यात वरच्या मापावर लावलं आणि भजन अडखळत चाललं. त्यानं डोळे मिटून ऐकलं. कापूस टाकणारा मागं पडला की जिन रिकामी फिरते, तसं होत होतं. कॉम्प्युटरला हिशेब झेपत नव्हता. त्यानं माप एकेक पायरी खाली आणलं. जिथं भजन अखंड वाहिलं तिथं थांबला.

पहिली दोन भजनं आता घरात पंडित बसल्यासारखी वाजू लागली. तिसरं नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाची थाप कोरडी, चढी, लाकडावर पडल्यासारखी. त्यानं सॉफ्टवेअरचे फिल्टर एकेक करून बदलले, तारा बदलल्या, स्पीकरची जागा बदलली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतलं. थाप होती तशीच.

सॉफ्टवेअरमध्ये आवाज कमीजास्त करायची पट्टी होती. खालचा आवाज वाढवला, वरचा दाबला, आणि थाप गोल झाली. ऐकणाऱ्याला पत्ता लागला नसता. पंडित खूश झाला असता, ध्वनिमुद्रण वाचलं असतं. महारुद्र बराच वेळ पट्टीवर बोट ठेवून बसला. मग त्यानं ती परत जागेवर आणली. खडखडणाऱ्या बेअरिंगमध्ये ग्रीस कोंबून मालकाला यंत्र दाखवणारे फिटर त्यानं पाहिले होते. त्यांच्यातला तो नव्हता.

पंडित सांजेला आला. भिंतीला टेकून बसला. पहिल्या भजनाला त्याची बोटं मांडीवर हलली. दुसऱ्याला त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली. तिसऱ्याला बोटं थांबली.

"हे पुना लाव."

महारुद्रनं लावलं. "तिसऱ्याला काय झालंय ते मला सापडंना. यंत्रात हुडकून थकलो."

"यंत्रात न्हाई ते. डाव्या तोंडाला थापलेली कणीक वाळलीय, ती वाळली की थाप लाकडावानी वाजती. उनाचा कहर होता त्या दिवशी. गाणारा बुवा दम घेईना, मला पाण्याचा हात लावाया उसंत भेटली न्हाई." त्यानं स्पीकरकडं बोट केलं. "हे इतकं साफ ऐकू येतंय तर मग पहिली दोन भी खरीच."

"दाबता येतं ते. पट्टी हाय."

"दाबून बघितलंस?"

"बघितलं. न्हाई ठेवलं."

पंडितनं त्याच्याकडं नीट पाहिलं. "बरं केलंस."

महारुद्रनं कीबोर्ड त्याच्यापुढं सरकवला. "सांग. पुसू का?"

"येडा हायस का? राहू दे."

"तिसरं भी?"

"तिसरं तर राहूच दे. मंडळातल्या नव्या गड्याला बोलाव उद्या. कणकीला पानी कवा लावायचं ते मी सांगून थकलो, त्याला समजंना. हे ऐकव."

सुमनबाई आतून म्हणाली, "पंडितभाऊजी, आता जेवूनच जा."

"जातो की," पंडित म्हणाला, आणि महारुद्रला पहिलं भजन पुन्हा लावायची खूण केली.