सभ्य एरर

जुम्म्याच्या नमाजला उशीर होतोय म्हणून ताहेरने संगणकावर चालू असलेली चाचणीची स्क्रिप्ट मधेच मारली आणि चपला शोधायला लागला. अमरावतीत वलगाव रोडवर एका दवाखान्याच्या माडीवर त्यांची पाच माणसांची कंपनी. तिथे इतक्या कमी वेळात इतकं मोठं काम आजवर कुणी बिघडवलं नव्हतं.

त्याचं काम तसं मजेचं. कंपनीचं सॉफ्टवेअर दोन जिल्ह्यांतल्या फॉर्म भरायच्या केंद्रांवर चालायचं. तुरीचे भाव पडले होते, सरकारी खरेदीत तूर द्यायची तर आधी ऑनलाइन नाव नोंदवा, आणि तो सरकारी सर्वर लहरी माणसासारखा. म्हणून ऑफिसातली जुईली चाचणीच्या स्क्रिप्ट लिहायची. स्क्रिप्ट एक नकली सर्वर उभा करायची, सेटिंगमध्ये खऱ्याऐवजी त्याचा पत्ता घालायची, तो मुद्दाम ‘तात्पुरती अडचण’ म्हणून कटवायचा, आणि आपलं सॉफ्टवेअर न घाबरता परत प्रयत्न करतं की नाही ते बघायचं. शेवटच्या ओळीत खऱ्या सर्वरचा पत्ता परत जागेवर ठेवायचा, खेळ खलास. ताहेरने या स्क्रिप्ट वाचायच्या, चालवून बघायच्या, चुका काढायच्या. “दुसऱ्याच्या चुका काढाचा पगार भेटते तुले,” मालक धर्मपाल म्हणायचा, “आमच्या घरी माह्या सासूले फुकटात करा लागते.”

त्या दिवशी स्क्रिप्टला सांगायचं होतं की सेटिंगची खोटी फाइल वापर. सांगितलं नाही तर ती निमूट खरी फाइल उचलायची, तीच जिच्यातून सगळी केंद्रं सर्वरचा पत्ता वाचत. ताहेर सांगायला विसरला. खरं तर अशी सोय स्क्रिप्टमध्ये आहे हीच काढण्यासारखी चूक. पण सकाळभर ताहेरसाहेब वेगळ्याच गोष्टीवर अडून बसले होते.

“हा एरर इंग्रजीत काहून लिहिला?”

“नकली सर्वर आहे रे, कोण वाचणार आहे?” जुईली म्हणाली.

“लिहाचं तं नीट लिव ना. माणसाले नोटीस आल्यावानी वाटते.”

जुईलीने वैतागून लिहिलं: ‘क्षमस्व. तात्पुरती अडचण आहे. कृपया थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा.’

मग ताहेरने स्क्रिप्ट मारली. स्क्रिप्ट मेली, पण तिने मागे सोडलेला नकली सर्वर मेला नाही, आणि पत्ता जागेवर ठेवायची शेवटची ओळ चाललीच नाही. तेव्हापासून सगळी केंद्रं ऑफिसातल्या एका कोपऱ्याशी बोलत राहिली, आणि तो कोपरा सगळ्यांची माफी मागत राहिला.

गंमत म्हणजे एक फोन आला नाही. सर्वर डाऊन आहे हे सांगायला आपल्याकडे कुणी फोन करत नाही. ऊन तापलंय हे सांगायला करतो का?

शनिवारी ताहेर घरी, बार्शीटाकळीला गेला. त्याची मोठी बहीण नगमा तिथे असंच एक केंद्र चालवायची. बाहेर माणसं पायऱ्यांवर, गाडीच्या सीटवर, सावली सापडेल तिथे बसलेली. नोंदणीचा शेवटचा दिवस, पाचला बंद.

“कल दोपहरसे एकबी फॉर्म नई गया,” नगमा पंख्याकडे बघत म्हणाली. “पर इस बार एरर बडा शरीफ आरा. मराठी में.”

ताहेरने स्क्रीन पाहिली. क्षमस्व. खरा सर्वर कधी क्षमस्व म्हणत नसे.

त्याने जुईलीला फोन लावला. ती केस धुऊन बसली होती. तशीच स्कुटीवर ऑफिसला गेली, नकली सर्वर बंद केला, पत्ता जागेवर ठेवला. फोनवर एवढंच म्हणाली, “सोमवारी तुझ्या चुका मी काढते.” तोवर साडेतीन वाजले होते.

आता खरा सर्वर सुरू, आणि त्याच्यावर सगळा मुलूख तुटून पडलेला. तो मरत, उठत, परत मरत होता. सॉफ्टवेअर तीनदा प्रयत्न करायचं आणि हात टेकायचं. स्क्रिप्टमध्ये तेवढं पुरत होतं. नगमा बटण दाबत राहिली. एक फॉर्म अडला की दुसरा, मग परत पहिला. काही गेले. कुणाचा जाईल याला काही नेम नव्हता.

सर्वांत पुढे सत्यभामाबाई. शेजारच्या खेड्यातून कालच आलेल्या, रात्री इथेच भाचीकडे मुक्काम. घरात बारा क्विंटल तूर, आणि पोत्यांना भुंगा लागायला सुरुवात झालेली. आज नाव लागलं तर सरकारी भाव, नाही तर व्यापारी म्हणेल तो. त्यांचा फॉर्म पाच वेळा टाकला, पाच वेळा परत आला. सहाव्यांदा पान उघडलं तेव्हा मुदत संपली होती.

ताहेर बाहेर येऊन त्यांच्यापाशी उभा राहिला.

“मावशी, कालचं बंद सर्वरनं नाई, म्या केलं. माह्या चुकीनं झालं.”

“तुह्यानं?” बाईंनी त्याला वरून खाली पाहिलं. “अरे बापा, सर्वर तं सदाचाच डाऊन रायते. तू काय करशीन त्याले?”

“खरंच सांगून राहिलो, मावशी.”

“बरं बरं. थोबाड पाह्य कसं उतरलं तुह्यं. सकाळपासून जेवला नाईस वाट्टे. चाल.”

त्यांनी त्याला कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं, दोन चहा सांगितले. ताहेरने खिशात हात घातला तर पाकीट नगमाच्या टेबलावर. बाईंनी पदराची गाठ सोडून चहाचे पैसे दिले. तेवढ्यात त्यांच्या गावची गाडी लागली. त्या पिशवी सावरत चढल्या, आणि त्याला पुरतं समजावून सांगायचं राहून गेलं.

सोमवारी ताहेरने खरेदी कार्यालयासाठी पत्र लिहून काढलं: शुक्रवार दुपारपासून शनिवार दुपारपर्यंत चूक आमची, या केंद्रांवरची नावं घ्या. धर्मपालने ते दोनदा वाचलं.

“हे पाठोलं तं आपलं शटर बंद, समजून राहिला ना तू?”

“मंग माह्या एकट्याच्या नावानं पाठोतो.”

“तू कोण आहे? स्क्रिप्ट वाचणारा. तुह्या नावाले कोण इचारते?”

ताहेरने पाठवलं. कुणी विचारलं नाही, हे धर्मपालचं खरं ठरलं. त्याने नोकरीवरून काढलं नाही, एवढीच त्याची मेहेरबानी. जुईलीने मात्र आठवडाभर ताहेरशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. सत्यभामाबाईंनी पुढच्या आठवड्यात तूर व्यापाऱ्याला घातली, असं नगमाने फोनवर सांगितलं. भाव विचारायची ताहेरची हिंमत झाली नाही.

त्यानंतर तो दोनदा घरी जाऊन आला. बाई काही बार्शीटाकळीला आल्या नाहीत, आणि त्यांच्या गावी जायला त्याचे पाय निघाले नाहीत. चहाचे पैसे अजून द्यायचे आहेत.