हात मागे, कारभारी

त्र्यंबकेश्वरच्या एका भक्तनिवासात कारभारी बॉयलर सांभाळतो. पहाटे अंघोळीला गरम पाणी मिळालं की भाविक महादेवाचे आभार मानतात. कारभारीला त्याचं वाईट वाटत नाही. "देव गाभाऱ्यात अन् मी तळघरात," तो म्हणतो. "फरक एवढाच, की माझ्या अंगाला डिझेलचा वास येतो."

अंजनेरीत, त्याच्या गावात, त्याला बॉयलरदादा म्हणतात. हे नाव त्याचं त्यानंच पाडलं आणि लोकांच्या तोंडी बसेपर्यंत नेटानं वापरलं, हेही तोच सांगतो. बॉयलर अडला तर काय करायचं, याची त्याची पद्धत ठरलेली होती. आधी एक ठोसा, मग पाना, मग हाताला लागेल ते बदलायचं. बदलता बदलता बिघडलेला भागही कधीतरी बदलला जायचाच. याला तो अनुभव म्हणायचा.

यंदाच्या दसऱ्याला त्यानं बॉयलरची पूजा मनापासून केली होती. एरवी बाहेरच्या पत्र्याला हळदकुंकवाचं बोट टेकवलं की झालं. यंदा त्यानं बर्नर उघडला, भाग न् भाग पुसला आणि प्रत्येकाला अष्टगंध लावला. ताट मालकांनी, राकेशशेठनी, स्वतः धरलं होतं. "कुणाला सोडू नकोस," असंही ते म्हणाले होते.

एवढी सेवा करूनही बॉयलर रुसला, हे कारभारीला जास्त लागलं. बर्नर सुरू व्हायचा, पंखा घोंघावायचा, ठिणगी पडायची, भप्पकन जाळ धरायचा, आणि क्षणात सगळं विझून लाल दिवा लागायचा. बटण दाबलं की पुन्हा तेच. कधी दया आल्यासारखा चालू राहायचा, कधी नाही. कारभारीनं नोझल बदललं, फिल्टर बदलला, ठिणगीचा ट्रान्सफॉर्मर बदलला. डिझेलला शिव्या घातल्या. तळघराची दिशाच वाईट आहे, असंही एकदा सुचवून पाहिलं. थंडी वाढली तशी जिन्यावरून टॉवेल गुंडाळलेली माणसं डोकावू लागली.

शेवटी राकेशशेठ खाली आले. "कारभारी, सातपूरला बॉयलरचे दोष शोधायचं शिकवतात. तीन दिवसांचं आहे. जाऊन ये. आल्यावरही जमलं नाही, तर खोलीखोलीत गिझर बसवतो आणि हा भंगारात देतो."

"अन् मी?"

"तू गिझरची बटणं दाब."

घरी मालनबाईनं डब्यात भाकरी बांधली आणि बायको म्हणून जे म्हणायचं ते म्हटलं. "बॉयलरदादा निघाले शाळंत. पाटी देऊ का संगं?"

सातपूरच्या त्या शेडमध्ये बर्नर ओळीनं मांडून ठेवले होते. प्रत्येकाला छोटी भट्टी, सगळे चालू होणारे. शिकवायला साक्षी मॅडम होत्या, कारभारीच्या मुलीच्या वयाच्या, पायात जड बूट. "पहिला नियम," त्या म्हणाल्या, "हात मागे बांधा."

हाताचं काम शिकायला आलेली माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

"मी बर्नर चालू करते. काय काय घडलं ते क्रमानं सांगायचं. जिथे क्रम तुटला, तिथे दोष. हात त्यानंतर."

कारभारीचे हात आजवर त्याच्या आधी कामाला पोचत आले होते. ते मागे राहीनात. जाळ दिसला की आपसूक पुढे येत. "काका, हात!" मॅडम म्हणत. दुपारपर्यंत बॉयलरदादा हे नाव गेलं आणि 'काकाहात' एवढंच उरलं.

चहाला सगळ्यांना बाहेर पाठवून मॅडम बर्नरमध्ये दोष घालून ठेवत. पहिल्या दिवशी कारभारीच्या वाट्याला आलेला बर्नर मुळी हूं की चूं करेना. आजूबाजूला पाहून त्यानं हळूच ठोसा मारला. मग नोझल काढलं, पंप उघडला आणि बाजारात भाजी मांडावी तसे भाग टेबलावर मांडले. मॅडम आल्या आणि त्यांनी भिंतीवरच्या बटणाकडे बोट दाखवलं. ते बंद होतं.

शेजारी साखर कारखान्यातला निवृत्ती होता. तो गंभीरपणे म्हणाला, "दादा, थोडा धीर धरला असता तर भिंतीपर्यंत पोचला असता तुम्ही. भिंतबी बदलली असती."

सगळ्यांत मोठ्यांदा कारभारीच हसला. हसू ओसरल्यावर मात्र त्याला तळघर आठवलं. तिथला निम्मा बर्नर त्यानं असाच बदलला होता.

शेवटच्या दिवशी परीक्षा होती. मॅडमनी त्याचा बर्नर चालू केला. पंखा, ठिणगी, जाळ. आणि विझला. लाल दिवा.

हे दुखणं कारभारी ओळखत होता. "ट्रान्सफॉर्मर बदलून बघू," तोंडातून निघून गेलं.

"ठिणगी पडली ना?"

"पडली."

"मग?"

त्यानं हात पाठीमागे घट्ट धरले. पंखा फिरला. ठिणगी पडली. डिझेल आलं, जाळ धरला. म्हणजे सगळे आपापलं काम करत होते. मग 'विझव' असं सांगत कोण होतं? जाळ लागला की नाही हे बघणारा कुणीतरी असणार, आणि त्याला तो दिसत नसणार.

त्यानं हात सोडले आणि फोटोसेल ओढून काढला. बोटाएवढी वस्तू, टोकाला काचेचा डोळा. जाळ दिसला नाही तर डिझेल बंद करायचं, एवढंच त्याचं काम. डोळ्यावर मॅडमनी काळी पट्टी चिकटवली होती.

कारभारी त्या डोळ्याकडे बघत राहिला. दसऱ्याला अशीच ही इवलीशी वस्तू त्यानं तळहातावर घेतली होती. सगळ्यांना लावला आणि याला नाही, असं कसं, म्हणून काचेवर मधोमध अष्टगंधाचा टिळा लावून ती परत बसवली होती.

"काका, बरोबर आहे, काढा पट्टी," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, माझ्यावाल्याला पट्टी नाय," तो म्हणाला. "गंध हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. मॅडम परीक्षेचा चेहरा ठेवून ऐकत होत्या, पण 'कुणाला सोडू नकोस'पाशी त्या स्टुलावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत.

परतीच्या बसमध्ये कारभारीनं शेठना सांगायला बऱ्याच गोष्टी जुळवून पाहिल्या. कंट्रोल बॉक्स, ओलावा, उंदीर. उंदीर त्याला सगळ्यांत आवडला.

तळघरात राकेशशेठ उभेच होते, सोबत टेप घेऊन आलेला गिझरवाला. कारभारीनं फोटोसेल काढला. थुंकी लावून पुसणार होता, पण गंध होता तो, म्हणून स्वच्छ फडकं ओलं करून पुसला. बटण दाबलं. पंखा, ठिणगी, जाळ. तिघंही लाल दिव्याकडे बघत राहिले. तो लागला नाही. वर कुठंतरी पाईप कडकडला, गरम होऊ लागला की तो कडकडतो.

"काय होतं?" शेठनी विचारलं.

उंदीर अगदी जिभेवर आला होता. पण कारभारीच्या हातातलं फडकं केशरी झालं होतं आणि शेठ त्याकडेच बघत होते.

"तुम्ही धरलेल्या ताटातलंच हाय," तो म्हणाला. "लावलं मात्र मी. डोळ्यात."

शेठचा हात आपोआप स्वतःच्या कपाळावरच्या गंधाकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. मग ते गिझरवाल्याकडे वळले. "तुम्ही चहा घेऊन जा. गिझर नको."

तो वर गेल्यावर शेठ हळूच म्हणाले, "कारभारी, हे बाहेर कुठं बोलू नकोस हं."

"नाय, नाय," कारभारी म्हणाला आणि अपराध्यासारखे हात मागे बांधले. बसच्या कंडक्टरला त्यानं ताटासकट सगळं सांगितलं होतं.